मालमत्ता कराचे बिल आणि आठवीचा मराठीचा तास

(पनवेल महानगरपालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र)

मा. आयुक्त,
पनवेल महानगरपालिका



मी आयुष्यभर पनवेलमध्ये मराठी शिकवले. आता निवृत्त आहे. एक मागणी घेऊन आपल्याला लिहिते आहे आणि ती आधीच सांगून टाकते. महापालिकेच्या शाळांत सहावीपासून पुढच्या वर्गांना आठवड्यातून एक तास रोजच्या व्यवहारातला खराखुरा कागद वाचायला शिकवला जावा: कराचे बिल, विजेचे बिल, औषधाचे वेष्टन, पासबुक, सातबारा, हवामानाचा इशारा. आणि महापालिका स्वतः जे कागद काढते ते छापखान्यात जाण्याआधी चार सामान्य माणसांकडून वाचून घेतले जावेत. हे मी शिक्षणमंत्र्यांना किंवा बालभारतीला लिहीत नाही, कारण कागद काढणारे कार्यालय आणि वाचायला शिकवणारी शाळा, दोन्ही आपल्या हाताखाली आहेत. असा योग फार थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतो.

२०२१ सालची गोष्ट आपल्या दप्तरी असेलच. १८५२ पासूनची आपली नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि सिडकोच्या वसाहती तिच्यात आल्या. त्या वसाहतींतल्या घरांना मालमत्ता कराची बिले मिळाली ती २०२१ मध्ये, आणि कर लावलेला होता महापालिका झाली त्या दिवसापासूनचा. इतकी वर्षे सिडकोला सेवाशुल्क भरत आलो, मग हा कर कशाचा, असे खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेलचे लोक विचारू लागले. आंदोलने झाली, याचिका उच्च न्यायालयात गेल्या. त्या वादात कोणाचे बरोबर हे सांगायला मी बसलेली नाही. मला त्या दिवसांतले जिने आठवतात. बिल हातात घेऊन शेजारी एकमेकांना थांबवत होते. चालू वर्षाचे किती आणि मागचे किती? शास्ती कोणत्या रकमेवर लागते? समोरच्या घराला कमी का? समोरचे घर आकाराने लहान असू शकते, हे त्या घाईत ध्यानात येत नव्हते. ही माणसे शिकलेली होती, नोकऱ्या करून निवृत्त झालेली होती.

कराचा हिशेब कळायला फार विद्वत्ता लागत नाही. घराला वर्षाला किती भाडे येईल ते धरायचे, त्यातून दुरुस्ती वगैरेंपोटी १० टक्के वजा करायचे. उरते ते करयोग्य मूल्य. निरनिराळ्या करांचे दर त्या मूल्यावर टक्क्यांनी लागतात. कर सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो. थकला तर दरमहा २ टक्के शास्ती. शिवाय राज्याच्या शिक्षण करासारखी काही रक्कम महापालिका नुसती गोळा करते, ती पुढे शासनाकडे जाते. ज्याला शेकडेवारी येते त्याला हे सगळे येते, म्हणजे सातवीच्या मुलालाही यायला हवे. तरी पदवीधर माणूस त्या कागदापुढे अडतो. तो बिल गोष्टीसारखे वरून खाली वाचत येतो आणि एकूण रकमेशी पोचला की घाबरतो. बिल तसे वाचायचे नसते. आधी कोणाच्या नावाचे आणि कोणत्या काळाचे ते बघायचे, मग क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार आपल्या घराशी जुळतो का ते पाहायचे, मग थकबाकी वेगळी काढायची, आणि बेरजेकडे सर्वांत शेवटी यायचे. हे कोणी शिकवलेले नसल्यामुळे ज्यांना हरकत घ्यायची होती त्यांनाही ती नेमकी कशावर आहे, क्षेत्रफळावर, आकारणीवर की तारखेवर, हे अर्जात मांडता येत नव्हते. संताप खरा होता, पण अर्ज मोघम राहिले.

आता याच पनवेलकराला मेगाब्लॉकची सूचना वाचताना बघा. रविवारच्या पेपरात हार्बर मार्गाची चौकट असते. कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत, अप की डाउन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ब्लॉकआधीची शेवटची गाडी कोणती, नंतरची पहिली कोणती, मधल्या वेळेत वाशीपर्यंत विशेष गाड्या आहेत का, हार्बरचे तिकीट ठाण्यामार्गे चालेल का. मजकूर गच्च असतो, वेळा मिनिटांत दिलेल्या असतात. तरी चौथी शिकलेली बाई तो अर्ध्या मिनिटात वाचते आणि मुलाला सांगते, साडेदहाच्या आत निघ. तिला हे कोणत्याही शाळेने शिकवलेले नाही. तिच्या मनात प्रश्न आधीपासून तयार असतो: मला दादरला बारापर्यंत पोचायचे आहे, जमेल का? त्या प्रश्नाचे उत्तर शोधत ती चौकटीत शिरते आणि नको ते सोडून देते. शिवाय सूचनेची मांडणी दर रविवारी तीच असते, त्यामुळे कोणती गोष्ट कुठे सापडेल ते डोळ्यांना माहीत झालेले असते.

माहिती देणारा मजकूर समजणे म्हणजे माझ्या लेखी एवढेच आहे: आपला प्रश्न घेऊन कागदाकडे जाणे आणि उत्तर कुठे असेल याचा अंदाज असणे. आम्ही शिक्षक वर्गात याच्या उलट करतो. उतारा देतो, खाली प्रश्न आमचेच असतात, आणि उत्तर म्हणजे उताऱ्यातले एक वाक्य जसेच्या तसे उतरवणे. बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीचा भाग आहे, त्यात माहितीपत्रक आणि अहवाल येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिथे मुलाने माहितीपत्रक लिहायचे असते. सहलीचे, महाविद्यालयाचे आकर्षक माहितीपत्रक तयार करणारे मूल स्वतःच्या प्रवेशाचे माहितीपत्रक हाती आले की शुल्क परत मिळण्याची अट कुठे छापली आहे ते शोधत नाही. लिहायला शिकवण्याआधी वाचायला शिकवायला हवे होते.

न समजलेला कागद केवढा भारी पडतो याचे पनवेलमधले उदाहरण कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे आहे. वाचन चांगले असते म्हणून ती बँक बुडायची थांबली नसती, आणि जे झाले त्यात ठेवीदारांचा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच स्पष्ट करते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. त्याच्या प्रसिद्धिपत्रकात एक वाक्य होते: बँकेने दिलेल्या आकडेवारीनुसार ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. ज्या दिवशी हे छापून आले त्या दिवशी माझ्या ओळखीच्या घरांत रडारड चालू होती, कारण मथळ्यातले ‘परवाना रद्द’ एवढेच वाचले गेले होते. पुढचे वाक्य आपल्याबद्दल आहे, आपण त्या ९५ मध्ये की उरलेल्या ५ मध्ये, हे ज्याला ठरवता आले असते त्याची ती रात्र वेगळी गेली असती. ठरवायला एकच आकडा माहीत हवा होता. पाच लाख.

या आकड्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यात एक मराठी गावही आहे. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांचा बँकांवरचा विश्वास हलला, संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाखावर गेली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत किती, अशी मोजतात. म्हणजे एकाच बँकेच्या पनवेल शाखेत तीन लाख आणि कळंबोली शाखेत तीन लाख ठेवले तर ते सहा लाख धरतात आणि विमा पाचाचाच. मुद्दल आणि व्याज मिळून पाच. पाच लाखांची ठेव असली तर त्यावरचे व्याज विम्याबाहेर. पण तेच पैसे दोन वेगवेगळ्या बँकांत असले तर प्रत्येकीला आपापली मर्यादा. आयुष्याची पुंजी कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या माणसाला याहून उपयोगी परिच्छेद कोणता असेल? तो परिच्छेद मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिला नाही.

उलट, तो समोर आला तेव्हा लोक त्यालाच घाबरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आल्यानंतर थोड्याच दिवसांत, एका मोठ्या खासगी बँकेच्या पासबुकावरच्या शिक्क्याचा फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरला. शिक्क्यात लिहिले होते की बँक अवसायनात गेल्यास महामंडळ ठेवीदाराला एक लाखापर्यंत रक्कम देईल. लोकांना वाटले, ही बँक बुडणार म्हणून आधीच हात वर करते आहे. खरे पाहता पासबुकात ठेव विम्याची माहिती द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम होता आणि बँक तो पाळत होती. संरक्षण सांगणारा मजकूर धोक्याचा इशारा म्हणून वाचला गेला. बँकेला खुलासा करावा लागला. मला त्या लोकांचे नवल वाटत नाही. ज्याने असा मजकूर आधी कधी शांतपणे वाचलेला नाही, त्याच्यासमोर तो संकटाच्या दिवशी पहिल्यांदा आला तर त्याला भीतीच वाटणार.

शाळेच्या बाजूने मोजमापही झालेले आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना ओआरएसची पुडी वाचायला दिली आणि तिच्यावरच्या सूचनांवर चार प्रश्न विचारले. पुडी एक लिटर पाण्यात घालायची, तयार केलेले पाणी ठरावीक तासांत संपवायचे, अशा साध्या गोष्टी. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांच्यातले सुमारे दोन तृतीयांश जण चारपैकी तीन तरी उत्तरे बरोबर देऊ शकले. म्हणजे वाचू शकणाऱ्या दर तिघांमधल्या एकाला, घरात जुलाबाने मूल आजारी असताना, पुडीवरचे अक्षर कामाचे नाही. हा तिसरा माझ्या वर्गात बसलेला होता. त्याने धडा न अडखळता वाचून दाखवला होता आणि मी त्याला शाबासकी दिली होती.

ओआरएसचीच दुसरी बाजू २०२५ मध्ये समोर आली. औषधांच्या दुकानात ओआरएस असे नाव मिरवणारी साखरेची गोड पेये तयार खोक्यांतून मिळत होती. २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना परवानगी दिली ती एका अटीवर: हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस नव्हे, असे वाक्य खोक्यावर छापायचे. वाक्य छापले गेले. आईच्या हातात खोका आला तेव्हा पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ओआरएस होते आणि हे वाक्य बारीक अक्षरांत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे याविरुद्ध लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने ती परवानगी मागे घेतली. छापण्याची अट पाळली म्हणजे सांगण्याचे कर्तव्य झाले, ही समजूत तीन वर्षे चालली. आपल्या कार्यालयांतही हीच समजूत आहे, असे मला आदरपूर्वक म्हणायचे आहे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी, अपील कोणाकडे, हे फलकावर लावणे बंधनकारक झाले. फलक लागले. माहितीचा अधिकार अधिनियमाचे चौथे कलम तर असे सांगते, की माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी. फलकापुढे उभ्या राहिलेल्या बाईला आपल्या अर्जाची मुदत कोणती हे सापडले का, एवढे विचारायला कोणी टेबल सोडून बाहेर येत नाही.

कागद सुधारता येतो याचा पुरावा शासनानेच दिलेला आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावाजवळ गावाचा सांकेतिक क्रमांक आला, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची बेरीज एकत्र दिसू लागली, प्रलंबित फेरफाराला स्वतःची जागा मिळाली. शेवटची गोष्ट आपल्या तालुक्यात फार मोलाची आहे. जमीन घेणाऱ्याने पूर्वी फेरफारांचा माग काढण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालायचे. आता निदान फेरफार अडकलेला आहे हे उताऱ्यावरच दिसते. अर्थात ज्याला ती जागा कुठे बघायची हे माहीत आहे त्यालाच.

आणि जमिनीच्या कागदाशी या मातीचे नाते फार जुने आणि फार दुखरे आहे. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. नोटिसा आल्या, निवाडे आले, संमतीपत्रे आली. अनेक शेतकऱ्यांना ते कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत. दि. बा. पाटील यांच्यामागे लोक उभे राहिले त्याला बरीच कारणे होती. एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते, ते वकील होते आणि शासनाचा कागद काय म्हणतो हे आगरी-कोळी शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगू शकत होते. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ज्यांच्या घरातला एक जरी माणूस त्या योजनेचे परिपत्रक नीट वाचू शकत होता, त्यांचे आणि बाकीच्यांचे पुढे काय झाले, हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारावे. कोणी आपला भूखंड पात्रता ठरण्याआधीच दलालाला लिहून दिला, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

आज तो वाचणारा माणूस बहुतेक घरांत शाळेत जाणारे मूल असते. आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलांच्या आया कर्नाटकातून, तेलंगणातून, बिहारमधून आल्या आहेत. कातकरी आणि ठाकूर वाड्यांमधून येणाऱ्या मुलांच्या घरात तर हे मूल म्हणजे लिहिता-वाचता येणारी पहिली पिढी. लसीकरणाचे कार्ड, नळजोडणीचा अर्ज, शिष्यवृत्तीची सूचना, आज रात्री वीज तोडणार असा खोटा संदेश, सगळे याच मुलापुढे धरले जाते: बघ रे, काय लिहिलंय? सातवीतल्या पोराने त्या संदेशात पाठवणाऱ्याचा नंबर पाहिला, तो खासगी मोबाइलचा आहे हे ओळखले आणि महावितरण अशा नंबरावरून संदेश पाठवत नाही एवढे आईला सांगितले, तर एका घराची बचत वाचली. आमच्या गुणपत्रिकेत याला जागा नाही.

तो तास कसा असावा ते थोडक्यात सांगते. वर्गात एका घराचे कराचे बिल, नाव झाकून, सगळ्यांना वाटावे. पहिली दहा मिनिटे काहीच विचारू नये. मुलांनीच त्या कागदाला प्रश्न काढावेत. हे कोणी पाठवले? कधी? हे न भरल्यास काय? माझ्या घरी आले तर मी आधी काय तपासीन? मग ज्या प्रश्नांची उत्तरे कागदात आहेत ती बोट ठेवून दाखवावीत, आणि ज्यांची नाहीत त्यांची वेगळी यादी करावी. ही दुसरी यादी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कागद काय सांगत नाही हे ओळखणारा वाचकच फसत नाही. पुढच्या आठवड्यात बिस्किटाचा पुडा: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, तेव्हा साखर कितव्या क्रमांकावर आहे? पोषणाचे आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे? पावसाळा आला की हवामान खात्याचा इशारा: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार सुरू होतो, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. नारिंगी इशारा तयारीत राहण्याचा, लाल इशारा कृती करण्याचा. गाढी नदीच्या काठच्या मुलांना हे आकडे पाठ हवेत. यासाठी पैसा लागत नाही, नवे पुस्तक लागत नाही. शिक्षकाला मात्र मोकळीक लागते, कारण या तासाची परीक्षा उताऱ्यासारखी घेता येणार नाही.

मुलांनी काढलेली ती दुसरी यादी आपल्या कर विभागाकडे जावी, ही माझ्या मागणीची दुसरी बाजू. पुढचे बिल छापण्याआधी त्याचा कच्चा नमुना एखाद्या भाजीवालीला, रिक्षाचालकाला, निवृत्त कारकुनाला आणि आठवीच्या वर्गाला दाखवा. त्यांना उत्तरे सांगू नका. भरायची शेवटची तारीख, थकबाकी आणि हरकतीची जागा ते शोधतात का, एवढेच बघा. जिथे चौघे अडतील तिथे चूक कागदाची. १९७९ मध्ये लंडनमध्ये क्रिसी माहेर या बाईंनी संसदेसमोरच्या चौकात सरकारी अर्जांचे तुकडे करून साध्या भाषेची चळवळ उभी केली. त्यांना स्वतःला किशोरवयापर्यंत वाचता येत नव्हते, म्हणून अर्ज कुठे अडतो हे त्यांना पंडितांपेक्षा लवकर दिसले. आपल्याकडे कोणाला कागद फाडावा लागू नये. अशी पारख असलेली माणसे आपल्या नळाच्या रांगेत आणि शाळेच्या पालकसभेत बसलेली आहेत.

खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल या चारही प्रभागांतली एकेक शाळा या वर्षासाठी निवडावी. मराठीचे काही निवृत्त शिक्षक आणि मी मिळून पहिल्या सहामाहीचे पाठ विनामोबदला तयार करून देऊ आणि सुरुवातीचे तास स्वतः घेऊ. त्यासाठी बिलाचे, नळजोडणीच्या अर्जाचे आणि जन्मनोंदणीच्या अर्जाचे कोरे नमुने आम्हाला हवे आहेत, आणि कर विभागातला एक कर्मचारी महिन्यातून एकदा वर्गात येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देईल, अशी परवानगी हवी आहे. १ ऑक्टोबरच्या सहामाहीआधी पहिला वर्ग व्हावा अशी इच्छा आहे. यासाठी कोणत्या अधिकाऱ्यांना भेटायचे तेवढे कळवावे.

आपली,
पनवेलमधील एक निवृत्त मराठी शिक्षिका